मतदार यादीतील नाव आणि आपले शील

(वर्षावासातील प्रवचन. हमरापूर, तालुका पेण, जिल्हा रायगड)





वर्षावासाच्या ह्या दिवसांत आपण संध्याकाळी एकत्र बसतो, वंदना घेतो आणि 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन करतो. आज प्रवचनाची पाळी माझी आहे आणि विषय मी मतदार यादीचा घेतला आहे. काही वडीलधाऱ्या मंडळींना हे खटकेल. ते म्हणतील, "गुरुजी, विहारात राजकारण कशाला?" त्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की, मत कोणाला द्यावे ह्याविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मी बोलणार आहे ते मत देण्याच्या आधीच्या गोष्टीविषयी. आपले नाव यादीत आहे काय? ते खरे आहे काय? आणि ते एकाच ठिकाणी आहे काय? हे तीन प्रश्न शीलाचे आहेत, म्हणून ते विहारातच विचारले पाहिजेत.

आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षा घेतली की घरात बदल होतो. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा येते, जुने नवस आणि जुनी भीती जाते. हा बदल डोळ्यांना दिसतो. परंतु पंचशील खरे कसाला लागते ते व्यवहारात. मजुरीचा हिशेब करताना, रेशन दुकानात उभे राहताना, आणि सरकारी कागदावर सही किंवा अंगठा करताना. मतदार नोंदणीचा अर्ज हा असाच एक कागद आहे.

संघातील शलाका

कोणी असे समजू नये की मतदान ही गोष्ट आपण इंग्रजांकडून शिकलो. तथागतांच्या भिक्खुसंघात एखाद्या प्रश्नावर एकमत होईना, तर बहुमताने निर्णय करण्याची रीत होती. तिला पाली विनयात 'येभुय्यसिका' म्हटले आहे. त्यासाठी शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या वापरीत. गुप्त मतदान करावयाचे असेल तर दोन पक्षांच्या शलाकांना वेगवेगळे रंग देत. प्रत्येक भिक्खूला सांगत की, ही शलाका ह्या मताची, ती त्या मताची, तुम्हाला पटेल ती घ्या आणि कोणाला दाखवू नका. आजच्या मतदान यंत्रासमोर पुठ्ठ्याचा आडोसा लावतात, त्यामागचा हेतू हाच आहे.

ह्या शलाका वाटण्याचे काम कोणालाही देत नसत. त्या भिक्खूच्या अंगी पाच गुण असावे लागत. तो छंदाने, म्हणजे आवडीने वाहवत जाणारा नसावा. द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाहवत जाणारा नसावा. आणि पाचवा गुण असा की, कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती घेतली गेली नाही, हे त्याला नीट कळले पाहिजे. पहिले चार गुण मनाचे आहेत. पाचवा गुण हिशेबाचा आहे. मन कितीही शुद्ध असले तरी मोजदाद चुकली तर निर्णय चुकतो, हे विनय सांगणाऱ्यांनी ओळखले होते.

विनयात अधर्माने केलेल्या शलाकाग्रहणाचे दहा प्रकारही दिले आहेत. त्यांतील एक असा की, घेणारा स्वतःच्या मताप्रमाणे शलाका घेत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या दडपणाने किंवा लोभाने घेतलेली शलाका संघाने सदोष मानली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या ह्या सभानियमांची आठवण मुद्दाम करून दिली होती. लोकशाही ह्या देशात एके काळी होती आणि ती नष्टही झाली, हे त्यांना सांगायचे होते. एकदा गेलेली गोष्ट पुन्हा जाऊ शकते, ही काळजी त्या आठवणीमागे होती.

नाव यादीत कसे आले

आज आपले नाव यादीत असणे इतके साधे वाटते की त्याची किंमत कळत नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१९१९ साली मताधिकाराची चौकशी करणारी साउथबरो समिती आली. तिच्यापुढे साक्ष देणारे बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, ही त्यांची मागणी होती. कारण त्या काळी मत मालमत्तेवर, करावर, शिक्षणावर मिळे आणि ह्या तिन्ही गोष्टी आपल्या समाजाला नाकारलेल्या होत्या. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३५ च्या कायद्यानेही ती पुरी झाली नाही. त्या मर्यादित मताधिकारावरच १९३७ च्या निवडणुका झाल्या, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील कुळांचे रक्त शोषणारी ती खोती. जी कुळे तिच्याखाली पिचत होती, त्यांतील बहुतेकांना मतच नव्हते.

संविधानाने हे सगळे बदलले. अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. अनुच्छेद ३२५ ने सांगितले की, प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणीही त्या यादीसाठी अपात्र ठरणार नाही. वयाची अट तेव्हा २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर्षे झाली.

माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजीचे नाव शाळेच्या पटावर कधी लागले नाही. सातबाऱ्यावर तर नाहीच नाही. सरकारच्या ज्या एका यादीत गावच्या मोठ्या लोकांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत तिचे नाव छापलेले होते, ती मतदार यादी होती.

आणि हे नाव कोणीतरी खोडू शकतो, ही शंका बाबासाहेबांना तेव्हाच होती. १५ जून १९४९ रोजी निवडणूक आयोगाचे कलम संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी काय सांगितले? काही प्रांतांतील सरकारे वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ देत नाहीत, अशा तक्रारी आल्या आहेत, हे त्यांनी सभेच्या निदर्शनास आणले. स्थानिक सरकारच्या आकसामुळे किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीमुळे पात्र माणूस यादीबाहेर राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून यादी तयार करण्यावर देखरेख ठेवण्याचे काम प्रांताच्या सरकारकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिले गेले. तेच आजचे अनुच्छेद ३२४. ध्यानात घ्या, ह्या अनुच्छेदात निवडणूक घेण्याच्या आधी यादी तयार करण्याचा उल्लेख आहे. निवडणूक मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. ती यादी लिहिली जाते तेव्हाच सुरू होते.

कागदावरचा हक्क

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे शिकवायला नको. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांस खुले केले. कागदावर तळे आपले झाले. तरी तीन वर्षे त्या पाण्याला आपला हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो लागला. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. अखेर १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

ह्यातून दोन गोष्टी शिकायच्या. कागदावर मिळालेला हक्क चालत जाऊन घ्यावा लागतो. आणि घेतलेला हक्क राखावाही लागतो. मतदार यादीचेही असेच आहे.

नियम काय सांगतो

मी शिक्षक आहे. शाळेच्या कामाबरोबर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे आपण ज्याला बीएलओ म्हणतो त्याचे काम मी केले आहे. घरोघर फिरताना जे प्रश्न मला विचारले जात, त्यांचीच उत्तरे येथे देतो.

"आम्ही आता बौद्ध झालो. नाव पुन्हा लावावे लागेल काय?" नाही. नाव नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना ६ मध्ये, धर्म आणि जात विचारलेलीच नाही. दीक्षेने यादीतील नावाला धक्का लागत नाही. आडनाव बदलले असेल तर मात्र नमुना ८ भरून दुरुस्ती करून घ्या, म्हणजे ओळखपत्र आणि यादी जुळतील.

"मुलगा कधी नाव लावू शकतो?" पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरीत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. त्या तारखेला १८ वर्षे पूर्ण झाली असली की झाले.

"ग्रामपंचायतीची यादी वेगळी असते ना?" विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागून ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला वापरतात. आपल्या भागाचा मतदारसंघ पेण विधानसभेचा, क्रमांक १९१. तेथे नाव नसेल तर सरपंचाच्या निवडणुकीतही नाव नाही. आणि निवडणूक जाहीर झाल्यावर धावून उपयोग नसतो. ह्या निवडणुकांसाठी यादी एका ठरावीक तारखेची घेतात, ती तारीख उलटली की पुढची निवडणूक.

"सून नवीन आहे, तिचे माहेरी आहे, राहू दे तिकडेच." हे उत्तर मी फार ऐकले आहे. स्वतंत्र भारताची पहिली यादी तयार झाली तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवण्यास नकार दिला. स्त्रीला स्वतःचे नाव आहे, हा आग्रह त्यामागे होता. आज सुनेचे नाव माहेरच्या यादीत पडून राहते आणि ती सासरी राहते, म्हणजे ती कोठेच मत देत नाही. परिणाम तोच झाला. सून घरी आली की नमुना ८ भरून तिचे नाव इकडे आणावे, आणि हे काम नवऱ्याने किंवा सासऱ्याने विसरू नये.

आता सर्वात महत्त्वाचा नियम. यादीत नाव कोठे असावे? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० म्हणतो, जेथे माणूस सर्वसाधारणपणे राहतो तेथे. कलम २० मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. एक, केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथील रहिवासी ठरत नाही. दोन, तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास तुटत नाही.

ही दोन वाक्ये आपल्या भागासाठीच लिहिली आहेत की काय, असे वाटते. आपले आदिवासी बांधव भात काढणी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. त्यांच्या झोपडीला कुलूप दिसले म्हणून नाव कापणे चूक आहे. त्यांचा रहिवास वाडीचाच. उलट हमरापूर, जोहे ह्या बाजूला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांत काम करण्यासाठी बाहेरून येऊन जो वर्षानुवर्षे येथेच बिऱ्हाड करून राहिला, त्याचे नाव येथे लागले पाहिजे. तो परका म्हणून त्याला यादीबाहेर ठेवणे म्हणजे ज्या आकसाविषयी बाबासाहेबांनी १९४९ साली सावध केले, तोच आकस आपण करणे होय.

दोन घरे, एक नाव

आता जे बोलायचे ते थोडे कडू आहे, पण आपल्याच घरचे आहे.

आपल्या बौद्धवाड्यांचे निम्मे आयुष्य मुंबईत आहे. चाकरमानी मंडळी मुंबईत, ठाण्यात, पनवेलला राहतात. मुले तेथे शिकतात, रेशन कार्ड तेथे आहे. यादीत नाव तेथे आहे आणि गावीही आहे. निवडणूक आली की गाडी ठरते, गावची मंडळी त्यांना बोलावून घेतात. कोणी हे लपवीतही नाही. "गावचे नाव कशाला कापायचे? वाडवडिलांची जागा आहे," असे म्हणतात.

जागेवर माया असावी. पण कायद्याची कलमे १७ आणि १८ सांगतात की, एका माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये, आणि एका मतदारसंघातही दोनदा असता कामा नये. नमुना ६ भरताना आपण लिहून देतो की दुसऱ्या मतदारसंघात माझे नाव नाही. हे खोटे असेल तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि एकाच प्रकारच्या निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले, तर १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे ती दोन्ही मते बाद होतात.

परंतु मी तुम्हाला तुरुंगाची भीती घालायला उभा नाही. भय ही चार अगतींपैकी एक अगती आहे. भयाने पाळलेले शील, भय गेले की जाते. मी विचारतो ते असे. जाणूनबुजून खोटे निवेदन लिहून देणे हा मुसावाद आहे की नाही? आणि दुसरे मत आपल्याला कोणी दिले होते? संविधानाने प्रत्येकाला एकच दिले. जे दिलेले नाही ते घेणे, ह्यालाच आपण दर पौर्णिमेला अदिन्नादान म्हणतो आणि त्यापासून दूर राहण्याचा शब्द देतो.

ह्यावर गावचे कार्यकर्ते जे उत्तर देतात ते खोटे नाही. ते म्हणतात, "गुरुजी, आमच्या प्रभागात आपली घरे थोडी. पाच-दहा मतांनी माणूस पडतो. मुंबईची नावे कापली तर बौद्धवाडीचा सदस्य कधी निवडून येणार नाही. मग पाण्याची पाइपलाइन आपल्या वाडीच्या अलीकडेच थांबेल. आणि दुसऱ्या आळीत हेच चालते, त्यांना कोण विचारतो?" ही व्यथा खरी आहे. पाइपलाइन अलीकडे थांबलेली वाडी मी पाहिली आहे.

तरीही मी तीन गोष्टी सांगतो. पहिली, त्याच वाडीची यादी हातात घेऊन घरोघर फिरलात तर काय दिसते? अठरा पूर्ण झालेली मुले-मुली राहिलेली, सुना माहेरच्या यादीत, नाव चुकल्यामुळे परत फिरलेली म्हातारी, भट्टीवर गेले म्हणून कापले गेलेले. ही आपली हक्काची मते. ती आणण्याचे कष्ट आपण घेत नाही आणि मुंबईच्या गाडीचे भाडे मात्र वर्गणी काढून भरतो. दुसरी, जो मुंबईत राहतो त्याला मुंबईत पाणी, शाळा, रस्ता लागत नाही काय? तेथील नगरसेवकापुढे त्याची किंमत त्याच्या तेथील मताने ठरते. तिसरी आणि सर्वात मोठी, आपल्या यादीत एक खोटे नाव असेल तर दुसऱ्याच्या यादीतील खोट्या नावाविरुद्ध तोंड उघडण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो. दुर्बळाजवळ पैसा नसतो, दंडा नसतो. त्याच्याजवळ खरेपणा हेच बळ असते. ते त्याने आपल्या हाताने घालवू नये.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात मतदार याद्यांवरून मोठा वाद झाला. लोकसभा आणि विधानसभा ह्यांमधील थोड्या महिन्यांत सुमारे चाळीस लाख नावे वाढली कशी, असा प्रश्न विरोधी पक्षांनी केला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत त्यासाठी मोर्चाही निघाला. निवडणूक आयोगाने आरोप नाकारले आणि नोंदणी नियमाप्रमाणेच झाली असे सांगितले. त्याच सुमारास नगरपरिषदांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने, ज्यांची नावे दोनदा असण्याचा संभव आहे त्यांच्यापुढे दोन तारे छापण्याचे ठरवले, म्हणजे असा मतदार आला तर केंद्रावर त्याच्याकडून लेखी हमी घेता येईल. ह्या वादात कोण खरा, हे येथे बसून आपण ठरवू शकत नाही. आपल्या नावापुढे दोन तारे लागणार नाहीत, एवढे आपण ठरवू शकतो. दुबार नाव असेल तर जेथे आपण राहत नाही तेथील नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरा. नवीन जागी राहायला गेलात तर नवा नमुना ६ भरू नका. नमुना ८ भरला की नाव इकडून तिकडे जाते, दोन होत नाही.

नाव कापले गेले तर

शील पाळणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. जो स्वतःचे एकच खरे नाव ठेवतो, त्याने ते नाव कापले गेले तर शेवटपर्यंत लढले पाहिजे.

२०२५ साली बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे सांगितली गेली. कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले, हे लोकांना कळत नव्हते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा. खरोखर मेलेल्याचे नाव जायलाच हवे. पण जिवंताला मेलेला ठरवले तर त्याला ते कळले तरी पाहिजे. शलाका वाटणाऱ्याचा पाचवा गुण आठवा. कोणती घेतली गेली आणि कोणती नाही, हे कळले पाहिजे.

कायदा काय देतो ते लक्षात ठेवा. मतदार मृत झाला असेल तर गोष्ट वेगळी, पण स्थलांतरित किंवा अपात्र म्हणून नाव वगळण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तेथेही दाद लागली नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. किती लोक हा मार्ग वापरतात? जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या पुनरीक्षणानंतर महाराष्ट्राच्या पावणेदहा कोटींहून अधिक मतदारांतून पहिली अपिले अवघी ८९ आणि दुसरे अपील एकच आले, असे आयोगानेच सांगितले. ह्याचा अर्थ तक्रारच नव्हती, असे कोणी म्हणेल. मार्ग ठाऊकच नव्हता, असेही कोणी म्हणेल. निदान आपल्या वाडीत तरी मार्ग ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये.

आणि मतदानाच्या दिवशी गेलात, तर तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला आहे असे कळले, तर काय करावे? आरडाओरडा करून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवा आणि प्रदत्त मताची मतपत्रिका मागा. ती देणे त्याला भाग आहे. ते मत वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि पुढे कोर्टात वाद गेला तर पुरावा म्हणून उभे राहते.

शलाका घेताना

एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच रायगड लोकसभा मतदारसंघाचा २०१४ चा निकाल आठवावा. लाखो मते पडली आणि अनंत गीते व सुनील तटकरे यांच्यातील अंतर राहिले फक्त २,११० मतांचे. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे ह्याच नावाच्या दुसऱ्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली. मतदारांच्या मनात कोणते नाव होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले ते अशाच घोटाळ्यांमुळे. म्हणून बटण दाबण्यापूर्वी नाव, चिन्ह आणि छायाचित्र तिन्ही पाहा. नंतर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचा. आजीला वाचता येत नसेल तर चिन्ह आणि चेहरा कसा पाहावा, हे नातीने आदल्या रात्री समजावून सांगावे. कोणते दाबावे, हे सांगू नये.

पैसे घेऊन मत देणे हा गुन्हा आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येते. काही जण म्हणतात, "पैसे घ्यावे आणि मत मनाप्रमाणे द्यावे." उपासकांनो, ह्यात दोन शीले एकदम मोडतात. शब्दही खोटा आणि पैसाही आपला नव्हे. शिवाय पाकीट देणारा पुढची पाच वर्षे समजून चालतो की, ह्या वाडीचा हिशेब त्याने चुकता केला आहे.

बाबासाहेबांना स्वतःला निवडणुकीत काय सोसावे लागले, हे आपण जाणतो. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून ज्यांनी संविधानाचा मसुदा केला तेच पराभूत झाले. तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होते, प्रत्येक मतदाराला दोन मते होती, आणि हजारो मते वाया गेली. त्यांनी अशोक मेहतांसह कायद्याच्या मार्गाने निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. १९५४ साली ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेथे अनुयायांना, दुसरे मत कुजवा, असे सांगण्यास त्यांनी नकार दिला, ही आठवण आपल्या चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती निवडणूकही ते हरले. ज्या माणसाने मतासाठी १९१९ पासून झगडा केला, त्याला जागा मिळवण्यासाठी मताची नासाडी करणे मान्य नव्हते. आपल्या प्रभागातील एका जागेसाठी आपण त्याहून मोठी सवलत मागू नये.

ह्या पौर्णिमेपर्यंत

प्रवचन ऐकून उठून गेलो तर काही साधणार नाही. म्हणून आज विहाराच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. प्रत्येक घराने तीत चार गोष्टी लिहाव्यात. घरात अठरा पूर्ण झालेले कोण आहेत आणि त्यांची नावे यादीत आहेत काय. लग्न होऊन आलेल्या आणि गेलेल्या मुलींची नावे कोठे आहेत. घरातील कोण वारले आणि त्यांचे नाव अजून यादीत आहे काय. आणि कोणाचे नाव दोन ठिकाणी आहे काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना कोणी कोणाला टाकून बोलू नये. येथे कोणाचा न्याय करायचा नाही, नाव सरळ करायचे आहे.

शाळेतून पदवीपर्यंत शिकलेल्या मुला-मुलींनी वाडीची यादी बीएलओंकडून पाहून घ्यावी आणि ह्या वहीशी ताडून पाहावी. अर्ज भरून देण्याचे काम त्यांचे. आपल्या वाडीबरोबर शेजारच्या आदिवासी वाडीतही जावे, कारण भट्टीवर गेलेल्यांच्या वतीने बोलायला तेथे फार थोडे शिकलेले आहेत. मुंबई मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पत्र लिहावे की, जे कायमचे मुंबईत राहतात त्यांनी गावचे नाव आपण होऊन कमी करावे आणि मुंबईचे नाव पक्के करावे. गावाशी नाते तुटते असे त्यांना वाटेल. त्यांना सांगा, विहारातील त्यांची जागा यादीवर अवलंबून नाही. ती आहे तशीच राहील.

पौर्णिमेला वंदनेनंतर आपण ही वही उघडू आणि किती नावे सरळ झाली ते वाचू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.